तलावात प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडणार असतील तर : हरकती-सूचना देणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची जाहीर सूचना येते. अमुक तलावात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी सोडण्याचा प्रस्ताव आहे, हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत द्याव्यात. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एकाला वाटतं गटार तलावात येणार. दुसऱ्याला वाटतं, शुद्ध करूनच सोडतायत तर बिघडलं काय? प्रस्ताव बहुधा दोघांनीही वाचलेला नसतो. अशा प्रक्रियेत पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणाला पवई तलाव घेतला आहे, कारण त्याचे आकडे महापालिका दर पावसाळ्यात स्वतःच जाहीर करते. पुढे येणारा रोज ५० लाख लिटर सोडण्याचा प्रस्ताव मात्र फक्त हिशोबापुरता मानलेला आहे.

पहिला प्रश्न : हे पाणी आज कुठे जातं?

विरोध की पाठिंबा हे ठरवण्याआधी एवढं एक विचारा, कारण एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे प्रस्ताव येतात.

पहिल्या प्रकारात आज नाल्यांतून कच्चं सांडपाणी तलावात येतंच आहे. ते अडवून, प्रक्रिया करून पुन्हा तिथेच सोडायचं आहे. इथे सरसकट विरोध केला तर आजची घाण आहे तशी चालू राहते. अशा प्रस्तावाला अटी घालायच्या असतात. आणि नाल्यातलं पाणी फक्त कोरड्या दिवसांत अडवणार की पावसातही, हे विचारायचं असतं. अडवण्याची यंत्रणा बहुतेक ठिकाणी कोरड्या दिवसांच्या प्रवाहाच्या मापाने बांधतात; पहिला जोराचा पाऊस आला की सगळं बांधावरून थेट तलावात जातं.

दुसऱ्या प्रकारात आज मलवाहिनीतून दुसरीकडे जाणारं पाणी नव्याने तलावात आणायचं असतं. 'तलावाची पातळी राखणे' किंवा 'सुशोभीकरण' हे त्याचं कारण म्हणून दिलेलं असतं. हा तलावावरचा निव्वळ नवा बोजा. इथे मुळातच 'तलावात कशाला?' असं विचारता येतं. बागा, बांधकामं, कूलिंग टॉवर, फ्लशिंग यांना हे पाणी का देत नाही, याचं लेखी उत्तर मागावं.

एक जरा अडचणीची गोष्ट. तलावाकाठच्या मोठ्या संकुलांमध्ये स्वतःची एसटीपी, म्हणजे छोटं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, असते. ती नीट चालत नसेल आणि तिचं पाणी पर्जन्यवाहिनीला जोडलेलं असेल, तर तेही तलावातच जातं. हरकत देणाऱ्या सोसायटीने आपली एसटीपी आधी बघून घ्यावी, नाहीतर सभेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

सुनावणी कायद्याने आहे का?

बहुतेकांचा समज असा की 'जनसुनावणी' होईलच. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीची पद्धत सविस्तर दिली आहे: ३० दिवसांची पूर्वसूचना, अपर जिल्हाधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचे अध्यक्ष, चित्रीकरण, शेवटी स्थानिक भाषेत इतिवृत्ताचं वाचन. पण महापालिकेचं सांडपाणी केंद्र त्या अधिसूचनेच्या यादीत नाही. कारखान्यांचं सामायिक सांडपाणी केंद्र आहे. म्हणजे आपल्या विषयात सुनावणी आपोआप होत नाही. तुमच्या वाट्याला वर्तमानपत्रातली सूचना, प्रभाग कार्यालयातली एखादी बैठक किंवा सल्लागार कंपनीने बोलावलेली 'हितसंबंधितांची सभा' येते. सुनावणी हवी असेल तर ती लेखी मागावी लागते.

कायद्याची खरी पकड दुसऱ्या ठिकाणी आहे. १९७४ च्या जल प्रदूषण अधिनियमाच्या कलम २५ नुसार जलाशयात नवीन विसर्ग सुरू करण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. आधी स्थापनेची, मग चालवण्याची. त्या संमतीपत्रातल्या अटींची नोंदवही हितसंबंध असलेल्या कोणालाही पाहता आली पाहिजे, असं त्याच कलमात म्हटलं आहे. म्हणून हरकतीची एक प्रत महापालिकेला आणि दुसरी मंडळाला, दोन्ही त्याच दिवशी. सभेत कोण काय बोललं यापेक्षा संमतीपत्रात कोणती अट छापली गेली, हे पुढची अनेक वर्षं महत्त्वाचं राहतं.

२०१७ चे पाणथळ नियमही पाहून ठेवा, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. पाणथळ जागेत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला त्यांत मनाई आहे. प्रक्रिया केलेल्याला तशी नाही. शिवाय पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले आहेत, आणि पवई १८९० च्या सुमारास नेमक्या त्याच कामासाठी बांधला गेला, जरी आज त्याचं पाणी पिण्यायोग्य नसून कारखाने आणि आरे दुग्ध वसाहतीकडे जातं. तरीही हा मुद्दा अगदीच निरुपयोगी नाही: मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच नियमांच्या आधारे पवईकाठच्या सायकल ट्रॅकचं काम बेकायदा ठरवलं होतं.

पहिल्या तीन दिवसांत मागायची कागदं

मुदत सहसा महिनाभर किंवा त्याहून कमी असते, आणि माहिती अधिकाराचं उत्तरही ३० दिवसांत येतं. त्यामुळे अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा लागतो, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पाच विषय एका अर्जात कोंबले की अर्ज परत येतो आणि मुदत निघून जाते. प्रती मागण्याऐवजी 'फाईलचं प्रत्यक्ष अवलोकन' मागितलं तर काम बरेचदा लवकर होतं.

मागायचं ते असं:

- सविस्तर प्रकल्प अहवाल, त्यात विसर्गाची जागा दाखवणारा नकाशा
- केंद्राचं सध्याचं संमतीपत्र आणि मंडळाचे गेल्या वर्षाचे नमुना तपासणी अहवाल
- तलावाच्या पाण्याचे तिन्ही ऋतूंतले अहवाल
- केंद्र आधीपासून चालू असेल तर त्याची दर महिन्याची वीजबिलं

वीजबिलाचं कारण असं. केंद्रात सगळ्यात जास्त वीज हवा फुंकणारे ब्लोअर खातात. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा आकडा दर महिन्याला तेवढाच आणि युनिट मात्र एखाद्या महिन्यात निम्मे, असं दिसलं तर ब्लोअर बंद ठेवले होते का, हे विचारायला भक्कम आधार मिळतो. प्रयोगशाळेच्या अहवालात ही गोष्ट सहसा दिसत नाही.

'मानकांनुसार' म्हणजे कुठल्या वर्षाच्या?

प्रस्तावात 'पाणी विहित मानकांनुसार असेल' असं एक वाक्य हमखास असतं. त्यापुढे थांबा. सर्वसाधारण जुन्या मानकांत बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल याचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि विरघळलेला फॉस्फरस ५ पर्यंत. ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांसाठी बीओडी २०, गाळकण ५० आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) १०० मिलिलिटरला १००० च्या आत अशी मर्यादा घातली. तिच्यात नायट्रोजन-फॉस्फरसचा उल्लेखच नाही. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने याहून कडक मर्यादा लागू करायचा आदेश दिला: बीओडी १०, गाळकण २०, सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) ५०, एकूण नायट्रोजन १०, फीकल कोलिफॉर्म जास्तीत जास्त २३०, आणि तलाव-तळ्यांत सोडायचं असेल तर एकूण फॉस्फरस १.

तलावासाठी यातला शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा, कारण फॉस्फरस हे शेवाळ आणि जलपर्णीचं खत. आणि प्रस्तावातून बहुधा तोच गायब असतो. हरकतीत शेवटची ओळ हवी: 'मर्यादा कोणत्या वर्षाच्या कोणत्या आदेशानुसार धरल्या, ते प्रत्येक घटकापुढे लिहावं.'

बोजाचा हिशोब

मिलिग्रॅम वाचून काहीच कळत नाही. रोजचे किलो काढा. सूत्र सोपं: दशलक्ष लिटर गुणिले लिटरमागे मिलिग्रॅम, की उत्तर थेट किलोत.

पवई पूर्ण भरला की त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी असतं आणि त्याचा पृष्ठभाग २.२३ चौरस किलोमीटर. समजा रोज ५० लाख लिटर, म्हणजे ५ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) पाणी सोडायचं आहे आणि केंद्र अगदी आदर्श चालून फॉस्फरस १ मिलिग्रॅमवर ठेवतं. रोज ५ किलो फॉस्फरस. पावसाळ्यात तलाव भरून वाहतो आणि काही भाग मिठी नदीत निघून जातो, म्हणून तो काळ सोडून देऊ. ऑक्टोबर ते मे हे २४३ दिवस धरले तर १,२१५ किलो. भरलेल्या तलावात तो सारखा पसरला तर लिटरला सुमारे ०.२२ मिलिग्रॅम वाढ. तलावशास्त्रात एकूण फॉस्फरस ०.०३५ च्या वर गेला की तलाव अतिपोषित, म्हणजे खत जास्त झालेला, मानतात आणि ०.१ च्या वर गेला की कमालीचा अतिपोषित. म्हणजे सगळी मानकं पाळूनसुद्धा तलाव जलपर्णीच्या स्वाधीन होऊ शकतो. हा मुद्दा सभेत मांडला की समोरचा अभियंता म्हणेल, बराचसा फॉस्फरस गाळात बसतो. बरोबर आहे, बसतो. पण उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपला की तोच गाळ तो परत पाण्यात सोडतो. मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना.

'पातळी टिकेल' या दाव्यालाही हाच हिशोब लावा. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर भरलेल्या पवईतून रोज सुमारे १ कोटी ११ लाख लिटर पाणी उडून जातं. ५० लाख लिटरने त्यातला निम्म्याहून कमी भाग भरून निघतो. आणि वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. क्षार आणि फॉस्फरस मागे राहतात, दरवर्षी थोडे अधिक.

मग मागायचं काय? एक तर रसायन घालून फॉस्फरस काढण्याची सोय, म्हणजे तुरटी किंवा फेरिक क्लोराईडची मात्रा देणारी यंत्रणा, आणि तिच्या रसायनाचा खर्च अंदाजपत्रकात दाखवलेला. दुसरं, केंद्र आणि तलाव यांच्यामध्ये वनस्पतींचा पाणथळ पट्टा. बंगळूरच्या जक्कूर तलावात केंद्राचं पाणी आधी अशाच पट्ट्यातून जातं. पट्ट्यातल्या वनस्पती वेळोवेळी कापून बाहेर न्याव्या लागतात, नाहीतर तिथेच कुजून सगळं परत पाण्यात उतरतं. कापणीचं कंत्राट कोणाकडे, हे आताच विचारा. बंगळूरचंच प्रक्रिया केलेलं पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडायला सुरुवात झाली, आणि पहिल्याच काही आठवड्यांत फेस दिसल्याने प्रकरण न्यायालयात गेलं. प्रस्तावाची बाजू मांडणारे जक्कूर सांगतात, विरोधक कोलार. दोन्ही माहीत असावेत.

केंद्र बंद पडतं तेव्हा

बांधताना सगळी केंद्रं चांगली असतात. प्रश्न बिघाडाच्या दिवसाचा असतो, आणि प्रस्तावात त्यावर एखादा परिच्छेदही नसतो. हे विचारा:

वीज गेली तर जनरेटरवर ब्लोअर चालतात की फक्त पंप आणि दिवे? ब्लोअर काही तास थांबले की घाण खाणारे जिवाणू गुदमरतात आणि पाणी पुन्हा मानकात यायला काही दिवस जाऊ शकतात. तेवढे दिवस पाणी कुठे जाणार?

बायपास वाहिनी आहे का, तिचं तोंड कुठे उघडतं आणि झडपेला सील आहे का? बायपासचं तोंड तलावाकडे असेल तर बाकी सगळे आकडे शोभेचे. ते मलवाहिनीकडेच असावं.

साठलेला गाळ रोज किती निघणार, कुठे जाणार? गाळ वेळेवर काढला नाही की तो शेवटच्या टाकीतून पाण्यासोबत वाहत बाहेर येतो. पाणी अचानक तपकिरी दिसायला लागलं तर कारण बहुधा हेच.

निर्जंतुकीकरण क्लोरीनने की अतिनील दिव्यांनी? क्लोरीन असेल तर उरलेला क्लोरीन काढून टाकण्याची पायरी हवी. मानकात लिटरला १ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन चालतो, पण मासे त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मरतात. मच्छीमारांची हरकत इथे सगळ्यात वजनदार ठरते. त्यांना बैठकीची वेळ कळवली का, हे पाहा.

विसर्ग सुरू होण्याआधीची नोंद

आधीची स्थिती कागदावर नसेल तर नंतर 'तलाव आधीपासूनच असा होता' असं उत्तर मिळतं. निदान तीन जागा निवडा: विसर्गाची प्रस्तावित जागा, तलावाचा मध्य आणि सांडवा. पवईत मगरी आहेत. कडेला वाकून बाटली भरायला जाऊ नका, परवानगी घेऊन होडीतून किंवा बांधावरून नमुना घ्या.

विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचा असतो, आणि सकाळी सहाला. दुपारी शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडत असल्यामुळे आकडा उत्तम येतो. पहाटे तोच खाली कोसळतो आणि मासे तेव्हाच मरतात. मंडळाच्या अहवालात नमुन्याची वेळ दुपारची दिसली तर तेवढंही हरकतीत लिहिण्यासारखं आहे. फॉस्फरसच्या नमुन्याची बाटली साबणाने धुऊ नका, साबणाच्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. कोलिफॉर्मचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची असावी. बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस चालते, म्हणून अहवाल दुसऱ्या दिवशी मिळत नाही. मुदतीचं गणित त्यानुसार करा.

तुमच्या नमुन्यावर मंडळ खटला भरू शकत नाही, त्यासाठी कायद्याची वेगळी नमुना-पद्धत आहे. पण त्याच्या आधारावर संयुक्त नमुना तपासणी मागता येते.

हरकत लिहिताना

'तलावाचं प्रदूषण होईल, म्हणून आमचा तीव्र विरोध आहे.' शंभर जणांनी हे लिहिलं तरी अहवालात त्यापुढे 'नोंद घेतली' एवढंच येतं. छापील नमुन्यावर शंभर सह्या केल्या तर सहसा तीही एकच हरकत मोजली जाते. त्याऐवजी असं लिहा:

'प्रस्तावात एकूण फॉस्फरसची मर्यादा दिलेली नाही. ती लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी ठेवण्याची अट संमतीपत्रात घालावी. २४ तासांचा एकत्रित नमुना आठवड्यातून एकदा तपासून आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. सलग दोन नमुने मर्यादेबाहेर गेल्यास विसर्ग थांबवून पाणी मलवाहिनीत वळवावं. ही झडप फिरवण्याची जबाबदारी कोणत्या पदावरील अधिकाऱ्याची असेल ते नमूद करावं.'

अशा मुद्द्याला उत्तर द्यावंच लागतं. 'मासिक सरासरी' हा शब्द कुठे दिसला तर त्याला हरकत घ्या. सव्वीस चांगल्या दिवसांच्या सरासरीत चार वाईट दिवस बुडून जातात, तलावातले मासे मात्र त्या चार दिवसांतच मरतात. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या, प्रस्तावातलं पान लिहा, आणि मजकूर दोन पानांत बसवा. ईमेल पाठवाच, पण एक प्रत प्रभाग कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेली हरकत नंतर सापडत नाही.

सभेत

सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली असेल तर वेळ बदलायची मागणी आधीच लेखी करा. घरकाम करणाऱ्या बायका, मच्छीमार, आरेच्या बाजूचे पाडेकरी त्या वेळेला येऊ शकत नाहीत. प्रकल्पाचा सारांश मराठीत मागा. तो इंग्रजीतच मिळाला तर ते इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

हजेरीपटावर सही करताना रकान्यावर काय छापलंय ते वाचा. वर कुठे 'सहमती' असेल तर सहीशेजारी 'हरकत कायम ठेवून उपस्थित' असं लिहा. माईक दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त मिळत नाही, तेव्हा पाच जणांनी पाच वेगळे मुद्दे वाटून घ्यावेत; एकच भाषण पाच वेळा झालं की अध्यक्षांचं काम सोपं होतं. गणेश मंडळांनाही बोलवा. विसर्जनाच्या काळात विसर्ग थांबवणार का, हा प्रश्न त्यांनी विचारला की त्याचं उत्तर त्याच दिवशी मिळतं.

निर्णयानंतर

इतिवृत्त मागवून आपला मुद्दा त्यात आला का ते तपासा. नसेल तर आठवड्याच्या आत लेखी दुरुस्ती मागा. नंतर मंडळाचं संमतीपत्र मिळवा आणि आपल्या हरकतीतल्या अटी त्यातल्या अटींशी ओळ-ओळ ताडून पाहा. अटी मोडल्या जात असतील तर आधी मंडळाकडे लेखी तक्रार, सोबत तारखेसह छायाचित्रं आणि नमुना अहवाल. दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाकडे जाता येतं. लवादाच्या कायद्यातल्या कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, समाधानकारक कारण असेल तर त्यावर आणखी ६० दिवस. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. अर्जाला आवक क्रमांक असलेली मूळ हरकत, इतिवृत्त आणि विसर्गाआधीचे पाण्याचे अहवाल जोडा. सहा महिने मोजायची तारीख कोणती धरली, ते अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहा.